भाऊबीजेपर्यंत टिकणारं नेलपॉलिश

आजचा विषय सांगितला तेव्हा ऑफिसातला एक मित्र हसला. "नेलपॉलिशचा कसला इतिहास?" असतो की. आमच्या परळीच्या घरात तर आहेच.

नरकचतुर्दशीला पहाटे आई अंगाला तेल लावून कढत पाण्याने आंघोळ करायची आणि लगेच नखांना लाल रंग लावायची. वर्षातून एकदाच. भाऊबीजेला मामाला ओवाळताना मी फोटो काढायला गेले, की ती बोटं मुडपून घ्यायची. टोकांचा रंग उडालेला असायचा. आजी म्हणायची, "मेंदी लाव म्हणलं तर ऐकत नाहीस. हे दोन दिसात उतरतंय बघ."

आम्हाला वाटायचं, आजी जुन्या वळणाची. पण तिचं बरोबर होतं. मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य नखाच्या केरॅटिनशीच जोडलं जातं. त्यामुळे तो रंग उडत नाही, नख वाढेल तसा पुढे सरकतो. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मेंदी कित्येक महिने दिसते. रोज भांडी, धुणं, सारवण करणाऱ्या हातांसाठी याहून चांगला रंग कुठला?

नेलपॉलिशचं घराणंच वेगळं. त्यात नायट्रोसेल्युलोज असतं. 1920 च्या दशकात मोटारींना झटपट वाळणारे रंग आले, तेही याच रसायनाचे. 1932 मध्ये अमेरिकेत रेव्हलॉन सुरू झाली ती नेलपॉलिशवरच. आपल्याकडे 1952 मध्ये टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे काढली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि ते आलंय आपल्या 'लक्ष्मी'वरून! (लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई लक्ष्मीच लावत होती म्हणायची.) 1961 मध्ये सिमोन टाटा लॅक्मेच्या संचालक मंडळावर आल्या आणि पुढे हा ब्रँड घरोघरी पोचला.

पण मोटारीचा पत्रा पाणी पीत नाही, नख पितं. भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. वरचा पापुद्रा तेवढा ताणत नाही, म्हणून तडकतो. आईचं गणित तर पहिल्याच पायरीला चुकायचं: तेलकट, भिजून फुगलेल्या नखावर रंग! पकड येणार कशी?

मागच्या दिवाळीत मी डीबगिंगच करायला बसले. आदल्या संध्याकाळी, आंघोळीच्या कितीतरी आधी, आईची नखं कोरडी करून रिमूव्हरने पुसली. बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात वरून वाळतो आणि आत ओलाच राहतो, तो चालत नाही. प्रत्येक हात नखाच्या कडेवरूनही फिरवला, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. वर टॉप कोट, आणि दोन दिवसांनी तोच परत. भांड्यांसाठी रबरी हातमोजे आणले, तर आई म्हणाली, "ताट निसटतंय त्यानं." मग भांडी माझ्याकडे आली.

भाऊबीजेला फोटो काढला. आईच्या उजव्या अंगठ्याचा टवका उडाला होता, बाकी नऊ शाबूत. माझं एकही राहिलं नव्हतं.