पांढरीची माती

जाफराबादला केळणा पूर्णेला मिळते. या पट्ट्यात घर बांधायचं तर दगड, माती, लिंब आणि बाभूळ एवढंच हाताशी असे. आमच्या घरातल्या जुन्या माणसांनी कुठलीही गोष्ट सांगायला घेतली, लढाईची, दुष्काळाची, रझाकारांची, तरी ती शेवटी भिंतीपाशी नाहीतर माळवदापाशी, म्हणजे मातीच्या छतापाशीच यायची.

असईची लढाई आबांची आवडती. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. पण इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला पिंपळगाव आणि वरूड ही गावं दोन काठांवर अगदी समोरासमोर दिसली. मधून येणं-जाणं असल्याशिवाय माणसं अशी घरं बांधणार नाहीत, हे त्यानं ओळखलं आणि तिथूनच फौज पार नेली. पुस्तकांत हे वेलस्लीची हुशारी म्हणून येतं. आबा म्हणायचे, हुशार तर ती घरं बांधणारी माणसं! पुढं असईच्या मातीच्या तटापाशी शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची दाणादाण उडवली. तट मातीचा होता, हे आबा दोनदा सांगायचे.

मोठ्या आईची गोष्ट मात्र पाहिलेली होती. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं आमचं घर कुलूप लावून वऱ्हाडात गेलं. आम्ही निजामाच्या मोगलाईतले; हद्द ओलांडली की देऊळगाव राजा. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामानं शरणागती पत्करली आणि माणसं आश्विनात परतली. चोरी झालेली नव्हती. पण मधल्या खणात छत गळून खाली चिखल साचला होता, माळवदावर गुडघाभर गवत, पन्हाळ मातीनं बुजलेली. त्या सालापुरता उन्हाळ्यातला हात घराला लागला नव्हता, एवढंच. "घर मेलं नव्हतं लेकरा, उपाशी व्हतं," ती म्हणायची. गल्लीतली माणसं जमली आणि दिवाळीच्या आत खण दुरुस्त झाला.

तो हात म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलं आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचन. त्यावर लिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही पांढरी जुन्या गावठाणातून, पडक्या गढीच्या ढिगाऱ्यातून आणायची. शेतातली काळी चालत नाही. ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. पांढरी पाणी आत शिरू देत नाही. रोहिणीच्या आधी घरातलं प्रत्येक माणूस घमेलं घेऊन वर. पण मोठी आई नवी माती टाकू द्यायच्या आधी खुरप्यानं जुना थर खरवडायला लावायची. आम्हा पोरांना ते काम नकोसं व्हायचं. पुसलं की ती खांबाकडं बोट दाखवायची. मग धुमसानं चोपायचं, उतार पन्हाळीकडं ठेवायचा. भिंतीची माती निराळी: भिजत घालायची, गव्हाचा भुसा मिसळायचा, पायांनी तुडवायची, काही दिवस कुजू द्यायची. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही.

ही रीत किती जुनी, हे पाहायला लांब जायला नको. उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे. तिथली चित्रं ज्या गिलाव्यावर आहेत तो चिखल, भुसा आणि गवताच्या तंतूंचाच. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडले आहेत.

माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक आपापल्या घराखाली. त्यानंतर कितीतरी रात्री आमची गल्ली अंगणात झोपली. मातीनं माणसं मारली, असंच सगळे बोलत. पण अभियंत्यांनी पाहिलं तेव्हा कारणं नेमकी निघाली. दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, त्यांना बांधणारे आरपार दगड नाहीत. आणि वर वर्षानुवर्षं थरावर थर चढून फूट-दोन फूट जाड झालेलं छत. जिथं लाकडी खणांचा सांगाडा नीट साधलेला होता, तिथं भिंती ढासळूनही छत खांबांवर तोललेलं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला मोठ्या आईचं खुरपं आठवलं. माती टाकायची रीत सगळीकडं टिकली, खरवडायची मात्र विसरली गेली. मातीच्या घरांना भूकंपात तगवायचं कसं, छताखाली चारी भिंतींना बांधणारा पट्टा कसा द्यायचा, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून किती लांब ठेवायच्या, याचं भारतीय मानकही त्याच १९९३ सालातलं आहे. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नाही. पोचला तो स्लॅब.

स्लॅबला मी नावं ठेवणार नाही. माळवदाखाली भीतीनं जागलेल्या माणसाला तो हवासाच वाटणार. पण मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की स्लॅबखालची खोली मध्यरात्रीनंतरही धग सोडत राहते. जाड मातीच्या भिंतीतून दुपारची ऊब आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर दारं उघडून वारा घेता येतो. शिवाय जगात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साईडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटपायी. तरी घरकुलाच्या पाहणीत मातीची भिंत आणि मातीचं छत कच्च्यातच मोजलं जातं.

आदर्श खेड्यातली घरं पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचीच हवीत, असं गांधीजींनी लिहिलं. लॉरी बेकर यांनी केरळात तोच धागा आयुष्यभर धरला. आज पुण्याचे प्रियांका गुंजीकर आणि ध्रुवांग हिंगमिरे हे वास्तुरचनाकार गावचीच माती, दगड, लाकूड घेऊन गावच्याच गवंड्यांकडून घरं उभी करतात. मला यात सामानापेक्षा गवंडी महत्त्वाचा वाटतो. ज्या घराची दुरुस्ती घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला जमत नाही, ते कितीही पर्यावरणपूरक म्हणवलं तरी एका पिढीचंच.

आता आमच्या जुन्या जागेवर पुतण्या बांधायला निघाला आहे. त्यानं पडक्या भिंतीची माती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवली आणि ओट्यावर ठेवली. जाड कण लगेच तळाशी बसले, गाळ त्यावर सावकाश, आणि चिकणमातीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशी निवळलं. आमचा म्हातारा गवंडी बरणीसमोर बराच वेळ बसून राहिला. "वाळू कमी पडती. मुरूम टाकावा लागन, मंग जमतंय," म्हणाला. या मातीत शेकडा पाचाच्या आसपास सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या विटा पाडायच्या, ओट्याच्या उंचीवर आणि छताखाली पट्टा द्यायचा, असं ठरलं आहे. काकांची अट एकच होती, वर माती नको, छत हलकं हवं. त्यावर कुणी वाद घातला नाही. मुरूम कुठल्या खदानीतून आणायचा, यावर मात्र घरात अजून एकमत झालेलं नाही.