जेकब्ज, हॅरिएट

जेकब्ज, हॅरिएट ॲन (१८१३–७ मार्च १८९७). अमेरिकन आत्मचरित्रकार व गुलामगिरीविरोधी चळवळीतील कार्यकर्त्या. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ईडन्टन येथे, गुलाम आईवडिलांच्या पोटी. वडील सुतारकाम करीत. लहानपणीच आई वारली. मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो हिने त्यांना वाचणे व शिवणकाम शिकवले. पण १८२५ मध्ये ती मरण पावली, तेव्हा मृत्युपत्राप्रमाणे जेकब्ज तिच्या तीन वर्षांच्या भाचीच्या मालकीच्या झाल्या. प्रत्यक्षात हुकमत चालू लागली ती भाचीचे वडील डॉ. जेम्स नॉरकॉम यांची.

कायद्याची पार्श्वभूमी : मुलाचा दर्जा आईवरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये केला आणि पुढे दक्षिणेत सर्वत्र तेच तत्त्व रूढ झाले. बाप कोणीही असो, गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम आणि तिच्या मालकाची मालमत्ता ठरे. मालकाने केलेल्या अत्याचारातून मूल झाले, तरी त्याच्याच मालमत्तेत भर पडे.

जेकब्ज वयात येताच नॉरकॉम त्यांच्या मागे लागला. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय सुताराशी त्यांना लग्न करायचे होते. तेही त्याने होऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर या अविवाहित गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवले. त्याच्यापासून त्यांना जोसेफ (सु. १८२९) व लुइझा (सु. १८३३) ही मुले झाली. सॉयर आपल्या मुलांना विकत घेऊन मुक्त करील, ही त्यांची आशा होती. परंतु नॉरकॉम त्यांना विकायला तयार नव्हता.

अज्ञातवास : १८३५ मध्ये नॉरकॉमने जेकब्ज यांना शेतमळ्यावर धाडले. पाठोपाठ मुलांनाही तेथे आणून कामाला जुंपणार, हे कळताच त्या पळाल्या. आई हाती लागत नाही म्हटल्यावर मुलांचे लोढणे नॉरकॉमला नकोसे होईल व तो ती विकून टाकील, असा त्यांचा अंदाज होता. त्याने त्यांच्यावर १०० डॉलरचे इनाम लावले आणि मुलांना तुरुंगात ठेवले. अखेर ती एका गुलामांच्या व्यापाऱ्याला विकली. हा व्यापारी सॉयरच्या वतीने आला होता. मुले पणजीच्या, म्हणजे जेकब्ज यांची आजी मॉली हॉर्निब्लो यांच्या घरी राहू लागली. मॉली १८२८ मध्ये मुक्त झाल्या होत्या आणि भाजलेले पदार्थ विकून चरितार्थ चालवीत.

काही काळ ओळखीच्यांकडे व दलदलीत लपून काढल्यावर जेकब्ज याच घराच्या कोठीवरील छपराखालच्या पोकळीत आल्या. ही जागा ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी ३ फूट होती. १८४२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षे, त्या तेथे राहिल्या. गिरमिटाने पाडलेल्या छिद्रांतून त्या अंगणातील मुलांना पाहत आणि त्यांच्यासाठी कपडे शिवत. नॉरकॉमची दिशाभूल करण्यासाठी त्या पत्रे लिहीत व ती न्यूयॉर्कहून टाकवीत. सॉयर काँग्रेसवर निवडून गेला, तेव्हा धोका पत्करून त्यांनी खाली येऊन त्याला मुलांच्या मुक्ततेचे वचन मागितले. लुइझाला उत्तरेत पाठवण्याआधी तिच्यासोबत त्यांनी एक रात्र काढली. मुलीने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. जोसेफने एकदा वरून खोकला ऐकला होता. आई तेथे असावी, हे ताडून तो बोलला काहीच नाही, उलट इतरांना घराच्या त्या बाजूपासून दूर ठेवीत राहिला.

उत्तरेतील जीवन : १८४२ मध्ये जेकब्ज जहाजाने फिलाडेल्फियाला व तेथून न्यूयॉर्कला गेल्या आणि लेखक नॅथॅनिएल पार्कर विलिस यांच्या घरी मूल सांभाळण्याचे काम करू लागल्या. पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत धाडण्याविषयीच्या १८५० च्या कायद्याने उत्तरही असुरक्षित झाली. १८५२ मध्ये विलिस यांच्या पत्नी कॉर्नेलिया यांनी ३०० डॉलर देऊन त्यांची मुक्तता विकत घेतली. स्वतःची अशी किंमत मोजली जाणे जेकब्ज यांना मान्य नव्हते. जोसेफ पुढे ऑस्ट्रेलियाला गेला व त्याचा पत्रव्यवहार थांबला. यादवी युद्धकाळात जेकब्ज व लुइझा यांनी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे निर्वासितांसाठी काम केले व १८६४ मध्ये शाळा उघडली. वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

आत्मकथन : इन्सिडेन्ट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल हे त्यांचे पुस्तक लेखिका लिडिया मराया चाइल्ड यांच्या संपादनाखाली १८६१ मध्ये बॉस्टन येथे ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने निघाले. पुरुषांच्या आत्मकथनांत मार, उपासमार व पलायन यांवर भर असे. येथे लैंगिक छळ आणि मातृत्व केंद्रस्थानी आहेत. दर्जा आईकडूनच मुलाकडे जात असल्यामुळे मुलांपाशी उघडपणे राहणे म्हणजे त्यांना मालकाच्या हाती ठेवणे, हा पेच त्यांनी मांडला. विवाहबाह्य संबंधांची कबुली देऊन, गुलाम स्त्रीला स्वतंत्र स्त्रियांच्या नीतिनियमांनी तोलू नये, असेही त्यांनी उत्तरेतील वाचक स्त्रियांना सुनावले. पुढे बराच काळ अनेक अभ्यासक हे पुस्तक चाइल्ड यांची कादंबरी मानत. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी पत्रे व दप्तरे तपासून जेकब्ज यांचे लेखकत्व सिद्ध केले आणि १८६१ च्या पुस्तकाची सटीप आवृत्ती १९८७ मध्ये काढली. तेव्हापासून गुलाम स्त्रियांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन म्हणून त्याचा अभ्यास होतो.