बैलाची नाल आणि बर्फातले टायर

मोटारीच्या टायरांत उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन जाती असतात, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. कळलं तेही उशिरा. त्याआधी सल्ला देऊन झाला होता!

तर झालं असं. माझा पुतण्या कॅनडात, टोरांटोजवळ राहतो. धाकटा भाऊ गेल्यापासून तो लहानमोठं काहीही करायचं म्हटलं की मला विचारतो. माझं ज्ञान किती, हा प्रश्न नाही. घरात विचारायला कुणीतरी मोठं हवं, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या उन्हाळ्यात त्याने लहानपणापासूनची हौस पुरी केली. स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल रंगाची, बुटकी, रुंद चाकांची. दिवाळीच्या फोनवर म्हणाला, "आप्पा, आता थंडीसाठी चार टायर वेगळे घ्यावे लागतील. बराच खर्च आहे. काय करू?"

मी आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. खडूचा तुकडासुद्धा संपेपर्यंत वापरणारा. मी म्हटलं, "अरे, चार महिन्यांचे कोरे टायर असताना दुसरे कशाला? जपून चालव म्हणजे झालं."

त्याने ऐकलं. डिसेंबरात पहिला जोराचा बर्फ पडला. सिग्नल लाल होता, गाडी हळूच चालली होती, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडीने जणू ऐकलंच नाही. सरळ घसरत फुटपाथवर चढली आणि कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. मागच्या चिमुकल्या सीटवर माझी सहा वर्षांची नात होती. कुणाला काही झालं नाही. त्याने मला हे सगळं हसत हसत सांगितलं. माझ्या सल्ल्याचा शब्दही काढला नाही. तेच जास्त लागलं.

ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही, त्यात आपण किती ठामपणे बोललो! बर्फ मी पाहिलेला तो रसवंतीतला. मग इतिहासाच्या मास्तराने करायचं तेच केलं. या गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं.

आधी शाळेतले माझे जुने सहकारी, विज्ञानाचे सर, यांना गाठलं. त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर गणित करून दाखवलं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल आणि चालकाने ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण इतकं कमी होतं की तेच अंतर ५० मीटरच्या घरात जातं. निसरड्या, काचेसारख्या बर्फावर तर १०० मीटर. "इंजिन कितीही ताकदीचं असू दे," सर म्हणाले, "गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. सगळा खेळ त्या चार तळहातांचा."

दुसरी गोष्ट रबराची. थंडीत खोबरेल तेल थिजतं ते आपण पाहतो. रबर थिजत नाही, पण ताठर होतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली आपली पकड गमावू लागतं. आपल्या नगरलाही (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) एखाद्या वर्षी पारा तिथवर उतरतो. पण दिवस वर आला की ऊन पडतं, आपलं काही अडत नाही. तिकडे महिनोन्‌महिने शून्याखाली. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मुद्दाम बनवतात. शिवाय त्याच्या नक्षीवर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात, आणि खोल खाचांत भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फ चिकटतो, हे गोळे करून खेळणाऱ्या पोरांना ठाऊकच असतं.

मग स्पोर्ट्‌स कारचं काय चुकतं? बर्फात दोनच मार्ग आहेत. एक तर अरुंद चाकाने मऊ बर्फ कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचायचं, नाहीतर वजन इतकं पसरायचं की बर्फात रुतायचंच नाही. स्पोर्ट्‌स कार दोन्हींच्या अधेमध्ये सापडते. कापायला चाकं फार रुंद, तरंगायला गाडी फार जड. त्यात पोट जमिनीला टेकलेलं, आणि अशा अनेक गाड्यांना कारखान्यातून येतात तेच मुळी उन्हाळी टायर. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली तरी ती सुटताना मदत करते. थांबताना पुन्हा त्या चार तळहातांवरच येतं.

हे ऐकताना मला लहानपणीचं काहीतरी आठवत होतं. घरी जाताना लक्षात आलं. बैलाची नाल!

आमच्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. गळीत हंगामात डांबरी रस्त्यांवरून उसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाड्यांना रबरी टायर आले, ओझं वाढलं, पण ओढणारे बैलच. शेतात ज्या खुराला काही लागत नाही, तोच खूर गुळगुळीत डांबरावर झिजतो आणि घसरतो. भरल्या गाडीखाली बैल घसरून बसला की बघवत नसे. म्हणून हंगामाआधी नालबंद यायचा. बैलाला दोरांनी बांधून आडवा पाडायचे आणि चारही पायांना नाल ठोकायचे. "बैल जपून हाकतो, नाल कशाला?" असं म्हणणारा शेतकरी मी पाहिला नाही. तो शहाणपणा माझ्या गावात होता. मीच टायरच्या वेळी विसरलो.

बर्फाळ देशांतही सुरुवात घोड्याच्या नालेपासूनच झाली. हिवाळ्यात तिकडे नालेला खिळे किंवा टोकं बसवीत. मोटारी आल्या तेव्हा १९०४ साली अमेरिकेत हॅरी वीड नावाच्या माणसाने चाकावर चढवायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. त्या साखळ्या आजही हिमालयात लष्कराच्या ट्रकांना आणि मनालीकडच्या टॅक्सींना लागतात. पण साखळ्या मोकळ्या रस्त्यावर चालत नाहीत, सारखं घालायचं आणि काढायचं. मग १९३४ साली फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने खास बर्फासाठी ट्रकचा टायर काढला. तोच जगातला पहिला हिवाळी टायर मानला जातो. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी मोटारींसाठीही टायर काढला आणि नाव ठेवलं 'हाक्कापेलिट्टा'.

हे नाव कुणाचं? सतराव्या शतकात स्वीडनच्या राजाच्या फौजेत लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांचं! त्यांच्या रणघोषावरून ते पडलं. आपल्याकडे एखाद्या टायरला 'मावळा' नाव द्यावं तसं. नालेपासून टायरपर्यंतचा धागा त्या एका नावात शाबूत आहे.

स्पोर्ट्‌स कार बर्फात चालतच नाही असंही नव्हे बरं का. १९११ पासून मोंते कार्लो रॅली होते, ऐन जानेवारीत, आल्प्सच्या घाटांतून. १९६४ साली तिथे मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून पॅडी हॉपकर्कने चिमुकली मिनी कूपर पहिली आणली. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं पोर्शे ९११ जिंकली, म्हणजे अस्सल स्पोर्ट्‌स कार. तिचं इंजिन मागे, ओढणाऱ्या चाकांवर. त्या वजनाने चाकं बर्फात दाबून धरली जायची. पण मला खरी मौज वाटली ती वेगळ्या गोष्टीची. या रॅलीत मुख्य गाडीच्या आधी काही माणसं त्याच रस्त्याने जाऊन येतात आणि कुठल्या वळणावर बर्फ आहे ते लिहून आणतात. त्यावरून चालक टायर ठरवतो. जग टाळ्या वाजवतं ती वेगाला. जिंकतं ते आधी जाऊन रस्ता बघणारं माणूस.

आता नगरकडे येतो. तुम्ही म्हणाल, आमच्या या अवर्षणी जिल्ह्याचा आणि बर्फाचा काय संबंध? आहे, चांगलाच आहे.

आपलं नगर हे रणगाड्यांचं गाव. १९४८ सालीच इथल्या वेगवेगळ्या संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. १९९४ साली रणगाडा संग्रहालय झालं, तेव्हापासून मी दरवर्षी सहावी-सातवीची सहल तिथे न्यायचो. पोरं तोफांच्या नळ्यांत डोकावायची. मी सनावळ्या सांगायचो. रणगाड्याच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याकडे ना त्यांचं लक्ष ना माझं.

त्याच १९४८ सालातली झोजीला घाटाची लढाई. उन्हाळ्यापर्यंत कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेले होते, झोजीला अडवला होता आणि लेहची जमिनीवरची वाट तुटली होती. सप्टेंबरात पायदळाचे हल्ले फसले. तेव्हा जनरल थिमय्यांनी ठरवलं की घाटात रणगाडे चढवायचे. सुमारे साडेअकरा हजार फुटांवर! इतक्या उंचीवर तोवर कुणी रणगाडे लढवले नव्हते. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वरचे बुरूज काढून गुपचूप श्रीनगरमार्गे बालतालला आणले. दलाचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, टोपणनाव 'स्पॅरो', म्हणजे चिमणी.

पण रणगाडा जाणार कशावरून? वर खेचरांची पायवाट होती. ती रुंद आणि भक्कम केली मद्रास सॅपर्सच्या जवानांनी, मेजर थंगराजूंच्या हाताखाली, थंडीत आणि शत्रूच्या माऱ्याखाली. हवा बिघडली, बर्फ पडू लागला, हल्ला पुढे ढकलावा लागला. अखेर १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे घाटातून पलीकडे गुमरीच्या खोऱ्यात उतरले. वर रणगाडे दिसतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. महिना संपायच्या आत द्रास आणि कारगिल परत आले, लेहची वाट मोकळी झाली. राजिंदर सिंगांना महावीरचक्र मिळालं.

ही लढाई मी वर्गात शिकवताना "रणगाड्यांनी घाट जिंकला" असं सांगायचो. आज तेच वाक्य वेगळं वाटतं. रणगाडा तरतो तो पट्ट्यामुळे. टनावारी वजन लांब-रुंद पट्ट्यावर पसरतं म्हणून तो मऊ जमिनीत रुतत नाही. आणि पट्टा चालतो तो आधी कुणीतरी वाट केलेली असते म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजौरीच्या रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, आपले कारवारकडचे, हेच काम करत होते. पुढे राहून सुरुंग आणि अडथळे काढायचे, मग मागून रणगाडे. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ते रणगाड्यात बसलेले नव्हते, रणगाड्याखालची जमीन सांभाळत होते.

इतिहासात आपण इंजिन आणि तोफा लक्षात ठेवतो. जमिनीला टेकणारा भाग विसरतो. मी तर तो बोलूनच विसरलो.

जानेवारीत पुतण्याला फोन केला आणि सरळ म्हटलं, "माझं चुकलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मी हिशेब सांगितला." तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "आप्पा, ऑंटारिओत सक्ती नाही म्हणून मीही कानाडोळा केला. शेजारच्या क्वेबेकमध्ये २००८ पासून कायदाच आहे." टायर त्याने अपघाताच्या दुसऱ्याच आठवड्यात घेतले होते. मला सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून.

तेव्हा बर्फाच्या देशांत राहणाऱ्या सगळ्या भाचे-पुतण्यांनो, हे मास्तरांचं सांगणं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघा. नुसत्या 'एम प्लस एस' अक्षरांवर जाऊ नका. चारही टायर बदला, दोन नव्हे. गाडी जितकी वेगवान, तितकं हे आधी. आणि घरातल्या म्हाताऱ्याने काटकसर सांगितली तर मान डोलवा, पण विचारा मात्र जाणकाराला.

नात फोनवर आली. म्हणाली, "आजोबा, आमच्या गाडीने आता थंडीचे बूट घातलेत!"

मी म्हटलं, "बूट नाही गं, नाल." मग नाल म्हणजे काय ते सांगण्यात अर्धा तास गेला.