न आलेल्या रुग्णांची नोंद

हजेरीपटावरून वर्गात किती मुले आली ते कळते. गावातली किती मुले शाळेत कधी आलीच नाहीत, ते कळत नाही. रुग्णालयाच्या केसपेपरांचेही असेच असते. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याची एखादी बाई दुखणे अंगावर काढून घरीच वारली, तर कोणत्याच रुग्णालयाच्या दप्तरात तिचा मागमूस राहत नाही. आम्हा संशोधकांना अंश मिळतो, छेद मिळत नाही.

भारतात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू झाली. शहरातल्या रुग्णालयांतून, प्रयोगशाळांतून आणि मृत्युनोंदींतून तिथे माहिती गोळा करता येई. खेड्यात तशी सोय नव्हती. म्हणून 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा कार्यकर्तेच गावोगाव निघाले. बार्शी, परंडा आणि भूम या 3 तालुक्यांतली 346 गावे त्यांच्या कक्षेत होती. ते जाणत्या मंडळींशी बोलत, लोकांना लक्षणे समजावून सांगत, शंका आली तर तपासणीसाठी रुग्णालयात पाठवत. नोंद घेता घेता ज्ञान उलट गावातही पोचले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या.

पुढे 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात याच रुग्णालयाच्या सहभागाने 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या गटात या रोगाने झालेले मृत्यू 8 वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या स्त्रियांचाही माग ठेवला होता, म्हणूनच ही तुलना शक्य झाली.

2021 पासून देशभर आरोग्यनोंदी संगणकावर जोडण्याची मोहीम सुरू आहे. प्रत्येकाला 14 अंकी क्रमांक घेता येतो. रुग्णाने गाव बदलले तरी जुने अहवाल मिळावेत, त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागू नयेत, हा फायदा मोठा आहे. पण जी बाई दाराशी आलीच नाही, तिच्यासाठी संगणकातही ओळ उघडत नाही. ती उघडायला कोणीतरी साखऱ्याला जावेच लागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. शाळेची पटनोंदणी आणि विद्यार्थ्यांनी गल्लीगल्लीतून केलेली 6 ते 14 वयाच्या मुलांची यादी शेजारी ठेवावी. दुसरीत असून पहिलीत नसलेली नावे मोजली, की छेद म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवावे लागणार नाही.