डोळ्याची खोबण : एका हाडाच्या घराचा इतिहास

पोलोग्राउंड हे नाव आपण इंदूरकर सहज उच्चारतो. पण तेथे आता ना घोडे, ना मैदान. आहे ती औद्योगिक वसाहत आणि वीज वितरण कंपनीचे मुख्यालय. संस्थानी काळातील खेळ केवळ नावापुरता उरला आहे. घोड्यावरून टोलावलेला कठीण चेंडू काय किंवा ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण काय, दोहोंचे भय मुख्यतः डोळ्यालाच. त्या डोळ्यासाठी निसर्गाने बांधलेल्या घराविषयी, म्हणजे खोबणीविषयी, माणसाला कसकसे कळत गेले हे पाहणे उद्बोधक आहे.

सुश्रुतसंहितेत या जागेला ‘अक्षिकोष’ असे नाव आहे. शरीरातील हाडांचे पाच प्रकार सांगताना सुश्रुताने नाक, कान, मान व अक्षिकोष येथील हाडे ‘तरुण’, म्हणजे कोवळी, मानली. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग थर काढीत प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे ही प्रत्यक्ष पाहण्याची परंपरा आपल्याकडे क्षीण झाली. युरोपातही ग्रंथप्रामाण्याचा पगडा होताच. १५४३ साली वेसालियसने नवे शारीरशास्त्र उभे केले, तरी जनावरांच्या डोळ्यामागे असणारा एक स्नायू त्याने माणसालाही बहाल केला. १५६१ मध्ये फॅलोपियसने ती चूक दुरुस्त केली.

महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या मराठी घराण्यांना तंजावरच्या सरफोजीराजांचे (१७७७–१८३२) स्मरण येथे व्हावे. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली; तीच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून नावारूपास आली. १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

आजच्या शास्त्राप्रमाणे खोबण सात हाडांची असते : कपाळाचे, गालाचे, वरच्या जबड्याचे, टाळूचे, अश्रूंच्या पिशवीलगतचे, नाकाच्या मुळाशी असलेले चाळणीसारखे आणि मागचे वटवाघळाच्या आकाराचे. आकार आडव्या ठेवलेल्या चौकोनी सुळक्यासारखा. तोंड सुमारे ४० मिलिमीटर रुंद व ३५ मिलिमीटर उंच. आतील जागा साधारण ३० मिलिलिटर, पण बुबुळासकट सगळा नेत्रगोल जेमतेम ७ मिलिलिटरचा. उरलेल्या जागेत डोळा फिरविणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक, अश्रुग्रंथी, नसा, रक्तवाहिन्या आणि या सर्वांना सांभाळणारी चरबी. दीर्घ आजारात ‘डोळे खोल गेले’ असे आपण म्हणतो, त्याचे एक कारण ही चरबी आटणे हेच.

खोबणीची कड भक्कम, पण तळ आणि नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ. सुश्रुताने तिला कोवळी म्हटले, ते बहुधा यामुळेच. या पातळपणाचा उलगडा १९५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ व रीगन यांनी केला. मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून त्यांनी वरून हातोडा मारला. तेव्हा कड शाबूत राहून तळ खाली फुटला. खोबणीच्या तोंडाहून मोठा चेंडू आत शिरत नाही, पण त्याचा दाब शिरतो, आणि तळ फुटल्याने तो पुष्कळदा डोळ्याऐवजी खाली निघून जातो. पोलोचा चेंडूही तोंडाच्या जवळजवळ दुप्पट असतो. मात्र अशा मारानंतर एकाची दोन दिसू लागली, वर पाहता येईना किंवा गाल बधिर झाला, तर डोळा वरून चांगला दिसतो म्हणून स्वस्थ बसू नये. मुलांत तर फटीत अडकलेला स्नायू तातडीने सोडवावा लागतो.

हीच पातळ भिंत २०२१ मध्ये इंदूरवर उलटली. करोनानंतर, विशेषतः मधुमेह अनियंत्रित असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत काळी बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून खोबणीत शिरली. महाराजा यशवंतराव रुग्णालयात तिच्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडावे लागले. बुरशी खोबणीच्या टोकापर्यंत पोहोचली की मेंदू दूर नसतो. म्हणून काहींचा प्राण वाचविण्यासाठी डोळ्यासह खोबणीतील सारे काढून टाकावे लागते. ज्या रचनेने आघात सोसावा, तिनेच रोगाला वाट द्यावी, हा शरीराचा व्यवहार आहे.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या ३५व्या कलमाने, कण उडण्याची भीती असेल तेथे आडपडदा किंवा योग्य चष्मा देण्याची तरतूद केली होती. सरकारी सेवेत आयुष्य गेल्याने कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही मला ठाऊक आहेत. खोबणीची कड मोठा मार अडवू शकते. लोखंडाचा बारीक कण तिला जुमानत नाही. तेवढी उणीव चष्म्यानेच भरून काढावी लागते, आणि तो खिशात नव्हे, डोळ्यांवर असावा लागतो.