चंबळचे खोरे आणि दंडाची खात्री

एखादा अमानुष गुन्हा घडला की समाजातून एकच मागणी उठते : कायदा आणखी कठोर करा, गुन्हेगारास भर चौकात फाशी द्या. अशी मागणी करणारी माणसे स्वभावाने क्रूर नसतात. त्यांच्या संतापामागे भीती असते आणि ती भीती खरी असते. डिसेंबर २०१७ मध्ये मध्यप्रदेश विधानसभेने बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारास फाशीची तरतूद करणारे विधेयक मंजूर केले. पुढील वर्षी केंद्रानेही तशीच दुरुस्ती केली. याउलट, मूळचे याच प्रांतातील सतन्याचे असलेले माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ च्या आपल्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस करण्याचे टाळले होते आणि पोलीस व न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवर भर दिला होता. स्त्रिया व मुले सुरक्षित राहावीत हा हेतू दोहोंचाही होता. मग कोणता मार्ग खरा? या प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा आपल्या दाराशी घडलेल्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. ग्वाल्हेरपासून मुरैना जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. चंबळचे खोरे ही कठोर दंडाची आपल्याकडील सर्वांत दीर्घ चाललेली परीक्षा होय.

महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावलेली चंबळ राजस्थानातून वळसा घेते आणि पुढे मध्यप्रदेशची सीमा आखीत इटावा जिल्ह्यात यमुनेस मिळते. शतकानुशतकांच्या पावसाने तिच्या काठची मऊ माती कापून काढली आणि घळींचे एक जाळे निर्माण झाले. त्यासच तेथील लोक बीहड म्हणतात. स्वातंत्र्यापूर्वी येथे ग्वाल्हेर व धौलपूर ही संस्थाने आणि ब्रिटिश मुलखातील आग्रा-इटावा हे जिल्हे एकमेकांस भिडत. पुढे त्यांच्या जागी तीन राज्यांच्या सीमा आल्या. पोलिसांची हद्द जेथे संपे तेथे फरारी माणसाचे अभय सुरू होई. या भागात त्यास कोणी डाकू म्हणत नसे, तो ‘बागी’ असे. चोरी करणारा वेगळा आणि अन्यायाविरुद्ध बंड करून बीहडात उतरणारा वेगळा, असा भेद त्या शब्दात दडलेला आहे. तो भेद प्रत्यक्षात किती खरा होता हा वादाचा विषय आहे. पण सरकारी न्यायावर लोकांचा किती विश्वास होता, हे त्यावरून निश्चित कळते.

आता कायदा किती सौम्य होता ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड विधानातील कलम ३९६ प्रमाणे पाच वा अधिक जणांनी मिळून दरोडा घातला आणि त्यांतील एकाने जरी खून केला, तरी टोळीतील प्रत्येकास फाशी देता येत असे. दरोडेखोरांस आश्रय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी या विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तोवर ही कलमे जशीच्या तशी होती. म्हणजे चंबळच्या खोऱ्यात दरोडे पडत होते ते कायदा मऊ होता म्हणून नव्हे. फाशीहून कठोर काय असणार?

उलट या कठोरतेचा एक विपरीत परिणाम होई. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. ज्या देशात लुटारू व खुनी यांस एकच शिक्षा असते, तेथे लुटारू खूनही करतात. कारण जिवंत सोडलेला माणूस साक्ष देतो आणि मेलेला देत नाही. बीहडात नेमके हेच घडले. शेतीच्या बांधावरून वा भाऊबंदकीतून एक खून करून पळालेल्या माणसास परतण्याची वाट उरत नसे. एका खुनास फाशी आणि दहा खुनांसही फाशी, मग नववा आणि दहावा खून त्यास कशाने अडवावा?

याहून महत्त्वाची गोष्ट खेड्यातील सामान्य माणसाची. आम्ही महसूल खात्याच्या नोकरीत असताना या मुलखातील गावांतून पुष्कळ हिंडलो आणि जुन्या माणसांकडून एकच हिशेब पुनःपुन्हा ऐकला. रात्री बागी येऊन भाकरी मागत, दिवसा पोलीस येऊन भाकरी का दिली असे विचारीत. भाकरी दिली तर खटल्याची भीती. पण तो खटला उभा राहील की नाही, साक्षीदार टिकतील की नाही, निकाल कधी लागेल, हे कोणीच सांगू शकत नसे. मुखबिरी केली तर मात्र बागीकडून मरण ठरलेले, आणि तेही आठवड्याच्या आत. सरकारचा दंड कठोर होता, पण अनिश्चित होता. बागीचा दंड कठोर होता आणि निश्चितही होता. गावकऱ्याने त्यांतील निश्चित दंडापुढे मान तुकविली, तर त्यास भेकड म्हणता येणार नाही. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्ये हेच तत्त्व मांडले होते की, शिक्षा सौम्य असली तरी तिची खात्री असेल तर ती माणसास आवरते. भयंकर शिक्षेबरोबर सुटकेची आशा जोडलेली असेल तर ती आवरीत नाही.

कठोर कायद्याचे समर्थक येथे ठगांचे उदाहरण देतात. ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८३६ च्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला आणि त्यास जन्मठेप लाविली. जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला, हेही खरे. परंतु त्याच्या यशाचे मर्म काय होते? त्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, टोळ्यांच्या वंशावळी तयार केल्या, मुडदे पुरल्याच्या जागा शोधल्या आणि संस्थानांच्या सीमा ओलांडून आरोपी धरण्याची व्यवस्था केली. फास पूर्वीही होता. नवे होते ते सापडण्याचे भय. त्याच कारभाराची काळी बाजूही विसरता येत नाही. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर कित्येकांचे भवितव्य ठरले, आणि ‘कृती न पाहता जात पाहावी’ ही वृत्ती बळावत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत पोहोचली. पारधी, कंजर, सांसी अशा जमातींच्या नशिबी जन्मतःच ठाण्यावरची हजेरी आली. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत मराठी वाचकांस ठाऊक आहेच. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण डाग पुसला गेला नाही. कठोर कायद्यास खरा गुन्हेगार सापडला नाही की तो हाताशी असलेल्या दुबळ्यावर चालतो, हा त्याचा धडा.

स्वातंत्र्यानंतर चंबळमध्ये बळाचा वापर कमी झाला असे नाही. सुमारे दीड दशक दरारा गाजविणारा मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे के. एफ. रुस्तमजी हे मध्यप्रदेशचे पोलीसप्रमुख असताना, १३ नोव्हेंबर १९५९ रोजी, लोकांची नाके कापणारा गब्बरसिंह पोलिसांच्या चकमकीत ठार झाला. ही कामगिरी लहान नव्हती आणि त्या पोलिसांचे ऋण त्या मुलखावर आहे. तरीही एक टोळी संपे आणि दुसरी उभी राही, कारण बीहडाकडे जाणारी वाट गावातूनच निघत होती.

मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह हा त्या वेळी फाशीच्या कोठडीत होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. साक्षीदारांच्या जबाबांतील विसंगतीविषयीचा तो निवाडा कायद्याचे विद्यार्थी अजून अभ्यासतात. त्याने तुरुंगातून विनोबांस पत्र लिहिले. मे १९६० मध्ये कोकणातील गागोद्याचा हा संत भिंड-मुरैन्याच्या वाटा पायी तुडवीत गेला आणि वीस बागींनी त्याच्यापुढे शस्त्रे ठेवली. तहसीलदारसिंहाची फाशीही पुढे जन्मठेपेत बदलली. रुस्तमजींनी या प्रकारावर उघड टीका केली. गुन्हेगारांस नायकत्व मिळते आणि पोलिसांचे मनोबल खचते, हा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता.

बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर माधोसिंह, मोहरसिंह व त्यांच्या साथीदारांनी शरणागती पत्करली. त्या मोहिमेत शरण आलेल्यांची संख्या चारशेहून अधिक झाली. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या. मात्र कोणास फासावर चढविले जाणार नाही, असे आश्वासन होते. कित्येकांनी आपली शिक्षा मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात भोगली. मराठी माणसास ही कल्पना नवी नव्हती; औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे असा प्रयोग केला होता आणि त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये निघाला. ज्याच्या डोक्यावर लाखांवर बक्षीस होते, तो मोहरसिंह पुढे मेहगावच्या नगरपंचायतीचा अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि २०२० मध्ये वार्धक्याने वारला. माँतेस्क्यूने दाखविलेली कोंडी येथे उलटून सुटली : परतण्याची वाट दिसताच पुष्कळजण परतले.

म्हणून दया हेच उत्तर, असे म्हणावे काय? आमचे मत तसे नाही. ज्या घरचा कर्ता पुरुष मारला गेला, ज्यांचे मूल ‘पकड’ म्हणून उचलून नेले गेले, त्यांस त्या व्यासपीठावर जागा नव्हती. शरणागतीच्या सोहळ्यानंतर दशकही उलटले नाही तोच नव्या टोळ्या उभ्या राहिल्या. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमई येथे वीस माणसांस गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी मध्यप्रदेशाने दरोडे व अपहरणग्रस्त भागासाठी विशेष न्यायालयांचा व जामिनावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. उत्तरप्रदेशात चकमकींची मोठी मोहीम उघडली गेली. परंतु १९८२ मध्ये खुद्द मुख्यमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांचे न्यायाधीश असलेले बंधू दरोडेखोरांच्या हातून मारले गेले आणि त्याच वर्षी मुख्यमंत्र्यांनी पद सोडले. १९८३ मध्ये फूलनदेवी शरण आली तीही फाशी होणार नाही या अटीवर.

बेहमईच्या खटल्याचा निकाल कधी लागला? फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. हयात उरलेल्या आरोपींपैकी एकास जन्मठेप झाली, एक सुटला. बहुतेक आरोपी आणि साक्षीदार तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते. फूलनदेवी खासदार होऊन २००१ मध्ये मारलीही गेली होती. या प्रकरणी कायद्याच्या पुस्तकात फाशी होतीच. तिचा त्या गावच्या विधवांस कोणता उपयोग झाला? त्रेचाळीस वर्षे चालणारा फाशीचा खटला आणि तीन वर्षांत हमखास लागणारी दहा वर्षांची शिक्षा, यांतून निवड करावयाची झाली तर गुन्हेगारास कशाचे भय अधिक वाटेल, हे वाचकांनीच ठरवावे.

आज त्या खोऱ्यात जुन्या पद्धतीच्या टोळ्या उरलेल्या नाहीत. शेवटच्या मोठ्या म्होरक्यांपैकी निर्भय गुर्जर २००५ मध्ये व जगजीवन परिहार २००७ मध्ये चकमकीत मारले गेले. त्यात बंदुकीचा वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच बंदुकी १९५५ मध्येही होत्या. मधल्या काळात जे बदलले ते वेगळे आहे. १९६० नंतर चंबळ प्रकल्पाच्या कालव्यांनी मुरैना-भिंडची शेती ओलिताखाली आणली आणि मोहरीचे पीक त्या भागाची ओळख बनले. रस्ते खेड्यांपर्यंत गेले, दूरध्वनी व पुढे मोबाईल आले, आणि मुखबिराचा निरोप ठाण्यावर पोहोचण्यास रात्र उलटावी लागेनाशी झाली. ज्या बीहडात पोलीस जाऊ शकत नव्हते, तेथे शासनाचा माणूस पोहोचू लागला. सापडण्याची शक्यता वाढली तसा धंदा तोट्याचा झाला.

महसुली नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसास आणखी एक गोष्ट दिसते. बागींच्या कथांचा आरंभ पुष्कळदा एका अगदी लहान, सरकारी कागदापाशी होतो : वेळेवर न झालेले नामांतरण, पटवाऱ्याने सरकविलेला बांध, वाटणीचा वर्षानुवर्षे पडून राहिलेला दावा. तो कागद वेळेवर व न्याय्य रीतीने निघाला असता तर काही बंदुका कदाचित उचललेल्याच गेल्या नसत्या. हे काम कोणत्याही दंडसंहितेत बसत नाही, त्याची घोषणा होत नाही आणि त्यावर टाळ्याही पडत नाहीत.

कठोर कायदा करणे सरकारास सोपे असते, कारण त्यास एक अधिवेशन पुरते. पोलीस ठाण्यात पुरेशी माणसे, तपासाची साधने, साक्षीदारास संरक्षण, न्यायाधीशांची भरलेली पदे आणि ठरल्या मुदतीत निकाल, यांस पैसा व दशके लागतात. म्हणून पहिले वारंवार होते आणि दुसरे राहून जाते. दंड असू नये असे आम्ही म्हणत नाही. दंडाविना राज्य चालत नाही, हे आपल्या पूर्वजांनीही जाणले होते. परंतु दंडाची धार किती आहे यापेक्षा तो दंड गुन्हेगारापर्यंत नक्की पोहोचतो काय, हा प्रश्न नागरिकांनी सरकारास आधी विचारावा. पुढच्या वेळी चौकातील फाशीची मागणी उठेल, तेव्हा मागील वर्षीच्या किती खटल्यांचे निकाल लागले याचा हिशेब आपण मागितला, तर चंबळच्या खोऱ्यातील मेलेल्यांचे मरण अगदीच व्यर्थ गेले नाही, असे म्हणता येईल.