जळिताच्या व्रणावरील बुरशी

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारांस बुरशीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पानावर नुसती चढलेली बुरशी हलक्या हातानें झाडतां येते. कागदांत शिरलेली मात्र पान खाऊन टाकते. जळिताच्या व्रणासंबंधीं हाच भेद प्राणाशीं गांठ घालणारा आहे. त्याचा अलीकडील इतिहास येथें थोडक्यांत देतों.

भाजून मेलेल्या कातड्यास रक्ताचा पुरवठा नसतो आणि रोग्याची प्रतिकारशक्तीही क्षीण होते. पूर्वीं अशा रोग्यांचा घात बहुधा स्यूडोमोनस जातीचे जंतु करीत. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत सॅन अँटोनिओ येथें लष्कराची शस्त्रक्रिया-संशोधन संस्था आहे. तेथें इ. स. १९६४ मध्यें मॅफेनाइडचें मलम व्रणास लावूं लागले. द्रव्य नवें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें तें वापरलें होतें. या मलमानें जंतूंचा जोर ओसरला.

परंतु तें जंतूंवर चाले, बुरशीवर नव्हे. इ. स. १९७१ मध्यें नॅश, फोली, प्रुइट प्रभृतींनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, मलमाचा वापर सुरू झाल्यानंतर व्रणांतील बुरशीचें आक्रमण वाढल्याचें नमूद आहे. अ‍ॅस्परजिलस आणि म्यूकरच्या वर्गांतील बुरशीचे तंतु रक्तवाहिन्यांत शिरतात. तेथें रक्त गोठतें, पुढील मांस मरतें, व त्यावर बुरशी पुन्हां पोसते.

यावरून मलमास दोष देणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. जंतु हटल्यानें बुरशीस रान मोकळें झालें हें खरें. पण पूर्वीं जे जंतूंनींच दगावले असते, ते रोगी आतां बुरशीची गांठ पडेपर्यंत जगूं लागले, हेंही तितकेंच खरें.

निर्णयाचें साधन कोणतें? व्रणाच्या पृष्ठावरून घेतलेल्या नमुन्यांत बुरशी सांपडली, तर ती तेथें आहे एवढेंच सिद्ध होतें. खालच्या जिवंत मांसासह तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, म्हणजेच ती आंत शिरली कीं नाहीं हें ठरतें. शिरली असल्यास बाधित भाग तत्काळ कापून अ‍ॅम्फोटेरिसिन-बी सारखें औषध द्यावें लागतें. कधीं हातपायही गमवावा लागतो. युगोस्लाव्हियांतील मारिबोर येथील झोरा यान्झेकोविच या शस्त्रवैद्य बाईंनीं जळकें कातडें थोड्याच दिवसांत तासून त्यावर त्वचारोपण करण्याची पद्धति इ. स. १९७० मध्यें प्रसिद्ध केली. त्या पद्धतीनें बुरशीचें अन्नच तुटतें.

केवळ पृष्ठावर विसंबून औषध दिलें तर मूत्रपिंडांस व्यर्थ अपाय होतो. आंतील पुरावा पाहण्यास विलंब केला तर रोगी हातचा जातो. म्हणून या प्रकरणांत मलमाच्या शोधाइतकेंच मोल त्या लहानशा मांसखंडाच्या परीक्षेस दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.